रिकाम्या गळ्याचे दिवस

दुखलं तर माणूस गप्प पडून राहतो. खाज पडू देत नाही. बसलेल्याला उठवते, उठलेल्याला हिंडवते. चार महिने मी घरात, अंगणवाडीत, एस.टी.त, देवळात, कुठंही एका जागी पाच मिनिटं धड बसले नाही. लोकांना वाटायचं, बाई मोठी कामाची आहे. मी मानेवरून पदर ओढून घ्यायचे आणि पदराच्या आतून नखं फिरवत राहायचे.

आमच्या सुपरवायझर मॅडम म्हणाल्या, "बैठकीत बायकांना सांगता तसंच लिहून काढा, कुणाच्या तरी उपयोगी पडेल." बैठकीत मी सगळं सांगत नाही. इथे सांगते.

माझं नाव मनीषा. वडिवळ्याला अंगणवाडी सेविका आहे, पंधरा वर्षं झाली. घरात यजमान, सासूबाई आणि नववीतली मुलगी श्रावणी. यजमानांना मी घरी नावानं हाक मारत नाही, पण वाचणाऱ्याचा गोंधळ नको म्हणून इथे संतोष असं लिहिते. टाकव्याच्या एका कारखान्याचा माल ते टेम्पोतून घाट उतरून पनवेलकडे नेतात. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो.

माझं लग्नातलं सोन्याचं मंगळसूत्र तीन वर्षांपूर्वी गेलं. कामशेतच्या बाजारातून चालत येत होते. मोटारसायकलवरून दोघं आले, मागच्यानं हात घातला आणि मला काय झालं ते कळेपर्यंत गाडी वळणाआड गेली होती. मानेवर एक लालभडक ओरखडा राहिला. दुसऱ्याच दिवशी मी बाजारातून खोटं मंगळसूत्र आणून घातलं. पिवळंधमक, दोन वाट्या, खाली बारीक घुंगरं. खऱ्याहून खरं दिसायचं. ओढलं कुणी तर ओढू दे, असं म्हणून मी निर्धास्त झाले. आंघोळीला काढलं नाही, झोपताना काढलं नाही, तापात काढलं नाही.

दोन वर्षं काहीसुद्धा झालं नाही. म्हणूनच पुढे माझा त्याच्यावर संशय गेला नाही. वाट्यांवरचा पिवळा रंग उडून आतला पांढरट धातू दिसायला लागला आणि त्याच सुमारास मानेच्या मागे, हुकाच्या खाली, बारीक पुरळ उठलं. घामोळं असेल म्हटलं.

*

कामशेतच्या औषधाच्या दुकानात सांगितलं, "खाजेची ट्यूब द्या." दुकानदारानं न बघताच दिली. तिसऱ्या दिवशी मान साफ. मी आत्यांना म्हटलं, "बघा, जादूच आहे." ट्यूब संपली, आठ दिवसांत पुरळ परत आलं, आधीपेक्षा जास्त. पुन्हा ट्यूब. पुन्हा साफ. पुन्हा पुरळ. किती ट्यूबा झाल्या ते मी मोजलं नाही. शेवटी मानेची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली. टॉवेल लागला तरी रक्त यायचं. पुरळ मानेवरून छातीवर उतरलं, मग पोटावर, बेंबीच्या खाली. एका सकाळी उठले तर पापण्या सुजलेल्या, डोळे उघडेनात.

माझ्यासारख्या कुणाच्या घरात अशी ट्यूब असेल तर सांगते: डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ती लावू नका. मला जो त्रास झाला त्यातला अर्धा त्या ट्यूबमधल्या स्टेरॉइडचा होता, हे नंतर कळलं.

अंगणवाडीत मी मुलांना खाऊ वाढते. मान झाकली तरी हाताच्या बोटांवरही चट्टे आले होते. एके दिवशी एका मुलाची आई दारातच थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, तुमी नका वाढू. मावशींना वाढू द्या."

कमलमावशी म्हणजे आमच्या मदतनीस. त्यांनी माझ्या हातातली पळी घेतली. मी बाहेर गेले आणि मुलांच्या चपला ओळीत लावत बसले. लावलेल्या चपला पुन्हा विस्कटून पुन्हा लावल्या. गावात नायटा म्हणत होते, गजकर्ण म्हणत होते. मी स्वतः त्याहून वाईट नाव मनात धरून होते. कुष्ठरोगाच्या सर्वेक्षणाला घरोघर फिरून मी लोकांच्या अंगावरचे चट्टे बघते, त्यात बधिरपणा आहे का ते विचारते. आता घरी दार लावून स्वतःच्या पोटाला टाचणी टोचून बघायचे. दुखायचं. दुखलं की बरं वाटायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टोचायचे.

त्या आठवड्यात दोन मुलं यायची बंद झाली. तेव्हा मी तळेगावला कातडीच्या डॉक्टरांकडे गेले.

*

डॉक्टरीणबाई वयानं माझ्याहून लहान होत्या. पदर बाजूला करायला सांगितला, बॅटरी लावून मान बघितली, पोट बघितलं. मग मंगळसूत्र दोन बोटांनी उचललं आणि खालची कातडी बघितली.

"हे कधीपासून घालताय?"

"अडीच वर्षं."

"काढता कधी?"

"नाही."

"काढा."

"आत्ता?"

"आत्ता."

माझा हात मागे हुकापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मी म्हटलं, "मॅडम, आधी तपासणी करू या. नक्की होऊ दे."

त्यांनी माझ्या केसपेपरवर बघितलं. "तुम्ही अंगणवाडी सेविका आहात ना? मग बायकांना काय सांगता?"

मी काय सांगते? ग्रहणात गरोदर बाई दार लावून उपाशी बसली की मी तिच्या घरी जाऊन तिला जेवायला लावते. बाळाला दृष्ट लागली म्हणून डोस चुकवला तर सासवांशी भांडते. हे सगळं खरं आहे. आणि माझं बोट हुकावरून हलत नव्हतं, हेही खरं आहे. नवरा रोज घाट उतरतो. जिचा नवरा रोज घाट उतरतो तिलाच ते कळेल.

डॉक्टरांनी जबरदस्ती केली नाही. ती ट्यूब मात्र त्या दिवशीच बंद करायला लावली. ट्यूब सुटल्यानंतरचे तीन आठवडे आठवले तरी अजून अंग शहारतं. मान, छाती, तोंड, सगळं पेटलं. भाताची कापणी चालू होती. पेंढ्याचं कुसळ, घाम, ऊन. मी खाचरातून घरात, घरातून ओट्यावर, ओट्यावरून मोरीत. डोक्यावर तांब्या ओतायचा आणि पुन्हा चालायला लागायचं. श्रावणी एकदा चिडून म्हणाली, "आई, एका जागी बस ना गं! तुला बघून मलाच खाजायला लागतंय." मी तिच्यावर ओरडले. मग ती रडली. मग मी रडले. आत्या म्हणाल्या, "दोगीबी रडून घ्या आन् मंग चहा टाका."

*

तपासणी अशी असते. पाठीवर चिकटपट्ट्या लावतात. पट्टीवर छोट्या छोट्या वाट्या, प्रत्येकीत वेगळा पदार्थ. दोन दिवस त्या तशाच ठेवायच्या. पाठीला पाणी नाही, घाम नाही, वाकून काम नाही. "कापणी तर अजिबात नाही," मॅडम म्हणाल्या. सोमवारी लावल्या. मंगळवारी उजव्या खांद्याखाली एका ठिकाणी किडा चावत असल्यासारखं व्हायला लागलं. तिथे हात पोचत नाही. पोचला तरी लावायचा नाही. मी दाराच्या चौकटीला पाठ घासायला गेले तर आत्यांनी हाताला धरून ओढलं.

"आगं, पट्ट्या निगतील ना!"

"आत्या, जीव जाईल माझा."

"न्हाई जात. चल, माज्यासंगं शेंगा फोड."

शेंगांचं पोतं फोडून झालं. बुधवारी पट्ट्या काढल्या, शुक्रवारी पुन्हा बोलावलं. मॅडमनी माझ्या पाठीचा फोटो मोबाइलवर काढून मलाच दाखवला. वीसेक खुणा होत्या. बाकी सगळ्या शांत, एकच जागा लाल, फुगलेली, वर पाण्याचे बारीक फोड.

"हे निकेल," त्या म्हणाल्या. "स्वस्त दागिन्यांत असतं, हुकांत, चापांत, बटणांत, किल्ल्यांत. तुमच्या अंगाला ते चालत नाही."

पहिल्यांदा मला हसू आलं. टाचणीची भीती गेली ना! मग मी विचारलं, "किती दिवसांचं औषध?"

"पुरळ जाईल. पण अंगाचा हा स्वभाव जात नाही. आयुष्यभर निकेलपासून लांब राहायचं." आणि मग त्यांनी ते सांगितलंच. "जखम भरेपर्यंत गळ्यात काहीही नको. दोरासुद्धा नको. सहा आठवडे. नंतर काळे मणी साध्या दोऱ्यात ओवून घाला. सोन्याचं करणार असाल तर चांगल्या सोन्याचं करा, हलक्या सोन्यात काय मिसळतील सांगता येत नाही."

सबबी संपल्या होत्या. तिथेच, त्यांच्या टेबलासमोर, मी हुक काढला. मानेला वारा लागला आणि मला चोरी केल्यासारखं वाटलं.

निघताना त्यांनी एक छोटी बाटली दिली. कापसाच्या काडीवर थेंब घ्यायचा आणि वस्तूवर घासायचा. कापूस गुलाबी झाला तर त्या वस्तूत निकेल. संध्याकाळी घरात हाच खेळ झाला. श्रावणीनं काडी हातात घेतली आणि घरभर फिरली. माझ्या पेटीकोटला लावायची पिन, गुलाबी. कपाटाची किल्ली, गुलाबी. ब्लाउजचे हुक, गुलाबी. पोटावरचे चट्टे कुठून आले ते कळलं. तिच्या कानातले जत्रेत घेतलेले झुमके गुलाबी झाले तशी ती किंचाळली. पाण्याचा तांब्या पांढराच राहिला. आत्यांनी त्यांची जुनी डबी आणून एकेक वस्तू पुढे केली, "ह्येला लाव गं, आन् ह्येला." संतोष आले तर त्यांच्या पट्ट्याचं बक्कल धरून श्रावणीनं काडी घासली.

"आता माझी पँटबी काढता का काय?" ते म्हणाले.

त्या महिन्यात आम्ही चौघं एकत्र हसलो ते तेवढंच.

जेवताना मी सांगितलं, सहा आठवडे गळा मोकळा ठेवायचाय. संतोष भाकरी मोडत म्हणाले, "ठेव की. त्यात काय एवढं?"

*

त्यात काय होतं ते मी त्यांना सांगितलं नाही. शनिवारी ते गाडीवर गेले. मी नऊला फोन केला. साडेनऊला केला. दहाला केला. घाटात रेंज जाते, हे मला पंधरा वर्षं माहीत आहे. तरी "संपर्क क्षेत्राच्या बाहेर" ऐकलं की मी अंगणवाडीच्या ओट्यावर येरझारा घालायचे. मुलं माझ्यामागून येरझारा घालायची. त्यांना तो खेळ वाटायचा.

संतोष वैतागले. "गाडी चालवू का तुझे फोन घेऊ?"

मंगळवारी सकाळी घाटात दाट धुकं होतं. मागून आलेल्या कंटेनरनं टेम्पोला धडक दिली आणि टेम्पो डोंगराच्या बाजूच्या भिंतीवर जाऊन आदळला. डावं मनगट मोडलं, दोन बरगड्यांना चीर गेली, कपाळाला टाके पडले. मला त्यांच्यासोबत माल नेणाऱ्या दुसऱ्या टेम्पोच्या ड्रायव्हरचा फोन आला. त्यानं आधी "वहिनी, घाबरू नका" म्हटलं. हे वाक्य कुणी म्हणू नये.

लोणावळ्याच्या दवाखान्यात पोचले तेव्हा संतोष शुद्धीत होते, पाणी मागत होते. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. मी पॅसेजमधल्या बाकावर बसले. नणंदबाई आल्या, संतोषची थोरली बहीण. आत भावाला बघून आल्या आणि पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्या मालकांना म्हणाल्या. हळूच म्हणाल्या, पण दवाखान्यात आवाज घुमतो.

"गळा मोकळा टाकून बसलीय बघा ना. मंग दुसरं काय व्हनार?"

संतोषचे कपडे आणायला म्हणून मी दुपारी घरी आले. मंगळसूत्र देवघरातल्या डबीत ठेवलं होतं. मी ते काढलं आणि घातलं. मान तेव्हा अजून ओली होती. खरं सांगते, हुक लागल्याचा टक् असा बारीक आवाज आला आणि मला बरं वाटलं. औषधानं, मलमानं, डॉक्टरांच्या शब्दानं वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं.

*

आठ दिवस ते माझ्या गळ्यात होतं आणि कुणालाही माहीत नव्हतं. थंडीचं निमित्त करून मी मानेभोवती स्कार्फ गुंडाळायचे. संतोष चौथ्या दिवशी घरी आले. त्यांना जेवू घालायचं, पाठ पुसायची, बटणं लावायची. खाज आता राहिली नव्हती, तिथे ठणका होता. स्कार्फ चिकटायचा, मी तो पाण्यानं भिजवून सोडवायचे आणि दुसरा बांधायचे. वास यायला लागला तेव्हा मी आत्यांच्या शेजारी बसणं सोडलं. हुडहुडी भरायची. मी म्हणायचे, जागरणानं.

नवव्या दिवशी सकाळी गॅससमोर उभी होते. दूध वर आलेलं दिसत होतं, आणि हात बटणापर्यंत नेता येत नव्हता. नंतर श्रावणीची किंकाळी आठवते आणि जमिनीचा गारवा.

तळेगावच्या मॅडमनी स्कार्फ सोडला. मग म्हणाल्या, "परत घातलंत?"

मी मान हलवली. तेवढ्यानंही कळ आली.

जखमेत जंतू गेले होते, ताप अंगात भिनला होता. अ‍ॅडमिट केलं. हुक कातडीत रुतला होता. एका सिस्टरनं सलाइनचं पाणी थेंब थेंब सोडत अर्धा तास ते सोडवलं. "ओरडायचं असेल तर ओरडा," ती म्हणाली. मी ओरडले नाही, पण तिचा हात इतका घट्ट धरला की तिच्या मनगटावर माझी नखं उमटली. तिनं तक्रार केली नाही.

पाच दिवस तिथे होते. सहाला फरशी पुसणारे यायचे, सातला इंजेक्शन, आठला चहा, दहाला ड्रेसिंग. ड्रेसिंगच्या आधीचा तास सगळ्यात वाईट. एका हाताला सलाइन, त्यामुळे हिंडता येईना. पाय पांघरुणाखाली चालत राहायचे. शेजारच्या खाटेवर पायाच्या जखमेची एक म्हातारी होती. ती म्हणायची, "बाय, पायानं पंढरपूर गाठशील तू!" त्याच सिस्टरनं मला एक उपाय दाखवला तो लिहून ठेवते. खाज असह्य झाली की नख लावायचं नाही. स्वच्छ मऊ फडकं गार पाण्यात पिळून नुसतं ठेवायचं, दाबायचंही नाही. दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत माणूस माणसात येतो.

दुसऱ्या दिवशी संतोष आले. हात गळ्यात अडकवलेला, कपाळावर पट्टी. दोन आजारी माणसं समोरासमोर. श्रावणीनं त्यांना सगळं सांगितलं होतं.

"माझ्यासाठी घातलंस?" त्यांनी विचारलं.

मी पांघरुणाखालचे पाय आखडून घेतले.

"मला कुणी वाचवलं ठाऊक आहे? बेल्टनं. बेल्ट लावला हुता म्हणून वाचलो. तो म्या लावला हुता. तू न्हाई." त्यांचा आवाज चढला. वॉर्डातली माणसं बघायला लागली. "आन् तू मेली असतीस तर? मग माझ्या गळ्यात काय बांधायचं हुतं?"

ते उठून बाहेर गेले. मला वाटलं, चिडून घरी गेले. थोड्या वेळानं चहाचे दोन कप एका हातात धरायची कसरत करत परत आले. निम्मा चहा सांडला होता.

त्यांचं बरोबर होतं. पण त्यांच्या बोलण्यानं माझ्या आतली गाठ सुटली नाही. पुरुषाला हे वरून दिसतं.

*

तिसऱ्या दिवशी दुपारी आत्या एकट्या आल्या. वडिवळ्याहून तळेगावला त्या कधी एकट्या आल्या नव्हत्या. खाटेवर माझ्या पायाशी बसल्या, माझे हलणारे पाय दोन्ही हातांनी धरले.

माझे सासरे भाताच्या खाचरात साप चावून गेले. संतोष तेव्हा पाच वर्षांचे होते. आत्या त्याबद्दल कधीच बोलत नाहीत. आम्हीही विचारत नाही. त्या दिवशी त्या आपणहून बोलल्या.

"तुजं सासरं गेलं तवा माज्या गळ्यात डोरलं हुतं. सोन्याचं. माज्या बापानं घातल्यालं."

माझे पाय हलायचे थांबले.

"एक दिस काढलं न्हवतं. बाळंतपनात बी न्हाई. त्यास्नी खाचरातनं उचलून आनलं तवा मी डोरलं असं मुठीत धरून बसली हुती. लय घट्ट. मूठ सोडली तवा तळव्यावर वळ हुता." त्यांनी तळवा उघडून दाखवला. तिथे काही नव्हतं. "मंग माज्या सासूनं इचारलं, काय मोडलंस गं? कुटलं वरत मोडलंस? मी काय बी मोडलं न्हवतं. तरी अडतीस वरसं झाली, मी आठवतीया. कुटला उपास चुकला, कुटं पानी ओलांडलं. भाकरी थापताना आठवतीया, शेन काडताना आठवतीया."

त्यांनी माझे पाय अजून सोडले नव्हते.

"तुज्यावर त्ये नगं. ऐकलंस? माजा ल्योक जगला तरी तू आठवत बसशील आन् न्हाई जगला तरी. मी इचारनार न्हाई तुला. कवाच न्हाई."

मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडले. म्हातारी शेजारच्या खाटेवरून म्हणाली, "रडू द्या तिला." आत्या रडल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून नाचणीचं सत्त्व काढलं आणि घशाखाली उतरेपर्यंत बसून राहिल्या. जाताना एवढंच विचारलं, "यश्टी कुटनं मिळंल गं हितनं?"

नणंदबाईसुद्धा येऊन गेल्या. त्या दिवशीच्या बोलण्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. त्यांनी माझे केस विंचरले. मानेला धक्का लागू नये म्हणून फणी इतकी हळू फिरवली की एकेक गुंता सोडवायला वेळ लागला. अजूनही आम्ही ते बोललेलो नाही. बोलू असं वाटत नाही.

*

मान भरायला दोन महिने लागले. खाली एक तांबूस पट्टा राहिला आहे, तो जाणार नाही म्हणतात. हुकांच्या जागी कापडी बंद आले, किल्लीला कापड गुंडाळलं. अंगणवाडीत मी तपासणीचा कागद भिंतीला चिकटवला आणि कुणी विचारलं की मान उघडी करून दाखवायचे, "हे लागत नाही, हे माझ्या अंगाचं आहे." यायची बंद झालेली दोन्ही मुलं परत आली. एक आई पुढच्या आठवड्यात म्हणाली, "ताई, तुमीच वाढा." दुसरी अजून काही म्हणाली नाही, पण मुलाला पाठवते.

संतोष पुन्हा गाडीवर जायला लागले त्या सकाळी मी फोन केला नाही. अकरापर्यंत केला नाही. मग केला. त्यांनी उचलला आणि म्हणाले, "बेल्ट लावलाय." आता फोन उचलल्यावर ते 'हॅलो' म्हणतच नाहीत. खाज गेली, पण बेचैनी सगळी गेली असं म्हणणार नाही. ती काही निकेलनं आलेली नव्हती.

मागच्या महिन्यात मातांच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं, जरा आवरतं घेऊन. बाटली काढली, काड्या वाटल्या. बायका आपापले पैंजण, पिना, बांगड्या तपासत होत्या, गुलाबी झालं की हसत होत्या. पूजा नावाची एक मुलगी मागे भिंतीला टेकून बसली होती. लग्न होऊन वाडीवर आलेली, वर्षही झालेलं नाही. मान खाली घालून बसते, विचारलं तेवढंच बोलते. सगळ्या उठल्यावर ती माझ्याजवळ आली.

"ताई, काढल्यावर काही होत नाही ना?"

बैठकीत मी "काही होत नाही" असं ठासून सांगितलं होतं. पण ती माझ्या डोळ्यांत बघून विचारत होती.

"मी काढलं आणि पाचव्या दिवशी ह्यांचा हात मोडला," मी म्हटलं. "ते परत घातलं आणि नवव्या दिवशी मी दवाखान्यात पडले. व्हायचं ते होतं, पूजा. गळ्यात काही आहे का, हे बघून होत नाही."

मग तिनं दाराकडे बघितलं आणि पदर मागे सारला. हुकाच्या खाली, कानाच्या मागेपर्यंत, सगळं सोललेलं होतं. वर तीच ट्यूब लावलेली. तिचा वास मी कुठंही ओळखेन.

मी कमलमावशींवर मुलं सोपवली, पर्स घेतली. साडेबाराची एस.टी. होती. आम्ही वाडीवरून निघालो तर पूजाच्या सासूबाई विहिरीवर होत्या. कळशी खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे बघत विचारलं, "ताई, कुटं न्हेताय तिला?"

मी तोंड उघडलं. पण पूजा माझ्याआधी बोलली, चार घरांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"माझी मान दाखवायला."